समानधर्म्यांचा बाजार

शाळेंत अथवा कॉलेजांत असतांना ज्यांनीं हस्तलिखित मासिक काढलें नाहीं, अथवा निदान अशा मासिकाच्या संपादकाच्या तगाद्याला कंटाळून एखादी कविता तरी त्याच्या हवालीं केली नाहीं, असे लोक आपल्यांत थोडेच असतील. वर्गांतला सुवाच्य अक्षराचा मुलगा हेरावयाचा, चित्रकलेंत बक्षीस मिळविणाऱ्या मुलीला मुखपृष्ठासाठीं गळ घालावयाची, रात्रीं जागून पानें शिवावयाचीं, आणि जगांत एकच प्रत असलेला तो अंक वाचनालयाच्या टेबलावर ठेवून तो कोणी उघडतो कीं नाहीं हें कपाटाआडून पाहत राहावयाचें, हा अनुभव ज्याला आहे त्याला आजचा माझा विषय परका वाटणार नाहीं. अंकाच्या शेवटीं 'अभिप्राय' असें शीर्षक घालून दोन कोरीं पानें ठेवण्याची आमची चाल होती. मी ज्या मासिकाचा सहसंपादक होतों त्याच्या त्या पानांवर वर्षअखेर एकच ओळ जमा झाली : "अक्षर चांगलें आहे." त्यानंतर तें मासिक बंद पडलें, व आम्ही सर्व शहाणे झालों.

जपानांतले लोक या बाबतींत शहाणे झाले नाहींत. तेथें हा छंद कॉलेजच्या फाटकापाशीं संपला नाहीं. तो गेलीं दीडशें वर्षें निरनिराळीं रूपें घेत वाढत गेला, आणि २०१९ सालच्या अखेरच्या चार दिवसांत अशा स्वतःच्या खर्चानें छापलेल्या पुस्तिकांच्या बाजारासाठीं तोक्यो शहरांत एका इमारतींत जीं माणसें आलीं त्यांची चार दिवसांची बेरीज साडेसात लाख भरली. या बाजाराचा, आणि त्याच्या मागें असलेल्या समाजाचा इतिहास मी आज आपणांपुढें ठेवणार आहें.

या पुस्तिकांना जपानी भाषेंत 'दोजिन्शी' म्हणतात. शब्दाचे दोन तुकडे आहेत. 'दोजिन्' म्हणजे एका मनाचीं, एका आवडीचीं माणसें. 'शी' म्हणजे नियतकालिक. भवभूति ज्याची वाट पाहत बसला तो 'समानधर्मा' या शब्दानें 'दोजिन्'चा अर्थ मला वाटतें सर्वांत नेमका उतरतो. हल्लीं दोजिन्शी म्हटलें कीं मुख्यतः चित्रकथांच्या पुस्तिका डोळ्यांपुढें येतात, आणि त्याही बहुधा अशा कीं ज्यांतलीं पात्रें दुसऱ्याच्या प्रसिद्ध चित्रकथेंतून उचललेलीं असतात व कथा मात्र नवी असते. परंतु शब्द याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याचा प्रारंभ अत्यंत गंभीर माणसांच्या हातून झालेला आहे.

मेइजी राजवटीच्या सहाव्या वर्षीं, म्हणजे १८७३ सालीं, अमेरिकेहून परत आलेल्या मोरी आरिनोरी यांच्या पुढाकारानें कांहीं विद्वान् एकत्र आले व त्या वर्षावरूनच त्यांनीं आपल्या मंडळास 'मेइरोकुशा' असें नांव दिलें. फुकुझावा युकिची हे त्यांच्यांतले आज सर्वांत ठाऊक असलेले गृहस्थ. दुसऱ्या वर्षीं त्यांचें नियतकालिक निघूं लागलें. विवाह, धर्म, लिपि, लोकप्रतिनिधींची सभा, असा एकही प्रश्न नव्हता कीं ज्यावर हे लोक आपसांत भांडले नाहींत. ४३ अंक निघाले. १८७५ सालीं सरकारनें वृत्तपत्रांवर व बदनामीवर कडक कायदे केले, तेव्हां मान वांकवून छापण्यापेक्षां न छापणेंच बरें असें मंडळांतील बहुमतानें ठरलें. आपल्याकडे देशी वृत्तपत्रांचा कायदा यानंतर तीनच वर्षांनीं झाला, हें येथें सहज आठवतें. समानधर्म्यांच्या मासिकाचें व सरकारी नियंत्रणाचें हें नातें पुढेंही तुटलेलें नाहीं, म्हणून तें मीं आरंभींच सांगितलें.

परंतु ज्याला आपलें हस्तलिखित मासिक शोभेल असा पूर्वज १८८५ सालीं जन्माला आला. तोक्योंतील कांहीं विद्यार्थ्यांनीं 'केन्यूशा', म्हणजे शाई उगाळण्याच्या दगडाचे मित्र, असें मंडळ काढलें व त्याच्या मासिकाला 'गाराकुता बुन्को' असें नांव ठेवलें. त्याचें मराठी 'अडगळीचा ग्रंथसंग्रह' असें करतां येईल. पहिले कांहीं अंक हातानें लिहिलेले असत व सभासदांमध्यें फिरत. पुढें ते छापले जाऊं लागले, आणि १८८८ सालीं मासिक उघड विक्रीस आलें. त्या अडगळींतून ओझाकी कोयो व यामादा बिम्यो हे त्या पिढीचे नामांकित कादंबरीकार निघाले. १९१० सालीं उच्चकुलीन तरुणांनीं 'शिराकाबा' हें मासिक काढलें. त्यांनीं फ्रेंच शिल्पकार रोदँ याच्यावर खास अंक काढून त्याला जपानी मुद्राचित्रें भेट पाठविलीं, आणि त्या वृद्ध कलावंतानें उलट टपालीं आपल्या तीन लहान मूर्ति धाडल्या. चार मित्रांच्या मासिकाला असा अभिप्राय क्वचितच मिळतो! हें मासिक १९२३ च्या भूकंपांत बंद पडलें. १९१६ सालीं 'शिन्शिचो' या विद्यार्थ्यांच्या मासिकांत अकुतागावा र्‍यूनोसुके यांची 'नाक' ही गोष्ट आली, ती वाचून नात्सुमे सोसेकी यांनीं त्यांस पत्र लिहून शाबासकी दिली, आणि जपानी कथावाङ्मयाला एक मोठा लेखक लाभला.

या साऱ्या मासिकांचें स्वरूप शिडीसारखें होतें, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. मित्रांच्या आधारानें पहिली पायरी चढावयाची, वरच्या मजल्यावरील संपादकाच्या नजरेस पडावयाचें, आणि एकदां वर गेल्यावर शिडीकडे फारसें वळून पाहावयाचें नाहीं. युद्धकाळांत कागदाची टंचाई व सरकारी हुकूम यांच्या कैचींत सांपडून अशीं पुष्कळ मासिकें सक्तीनें एकत्र केलीं गेलीं वा बंद झालीं. युद्धानंतर तीं पुन्हां उगवलीं, परंतु आतां त्यांच्या शेजारीं एक नवें रोप दिसूं लागलें. तें चित्रकथेचें होतें.

१९४७ सालीं 'मंगा शोनेन्' नांवाचें मुलांचें मासिक निघालें. त्यांत वाचकांनीं पाठविलेल्या चित्रकथा छापण्याची सोय होती, आणि गांवोगांवचीं मुलें त्या सदरावर डोळा ठेवून बसलेलीं असत. उत्तरेकडील मियागी प्रांतांत राहणारा इशिनोमोरी शोतारो हा त्यांतलाच एक. १९५३ सालीं, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्यानें टपालानें जुळलेल्या मित्रांचें मंडळ जमवून 'बोकुजू इत्तेकि' — 'शाईचा एक थेंब' — हें मासिक सुरू केलें. छपाईचा प्रश्नच नव्हता. प्रत्येकानें पाठविलेलीं मूळ चित्रेंच एकत्र शिवावयाचीं आणि तो एकमेव अंक टपालानें एका सभासदाकडून दुसऱ्याकडे फिरवावयाचा. गठ्ठा वाटेंत गहाळ झाला तर सर्वांचे कित्येक महिन्यांचे श्रम गेले! या मंडळांत आकात्सुका फुजिओ हाही होता. तेझुका ओसामू हे त्या काळचे अग्रगण्य चित्रकथाकार. त्यांनीं इशिनोमोरी हा अजून शाळेंत असतांनाच त्याला आपल्या कामांत मदतीस घेतलें. पुढें हे दोघे मित्र तोक्योंतील 'तोकिवासो' नांवाच्या एका स्वस्त भाड्याच्या चाळीवजा घरांत राहावयास आले. त्याच घरांत 'फुजिको फुजिओ' या एका नांवाखालीं जोडीनें चित्रें काढणारे दोन मित्र राहत. शाळेंत असतांना तेही एकेक प्रतीचें मासिक हातानें काढून आपसांत वाचीत. त्या जोडीपैकीं एकाशीं आपल्या घरांतील मुलांची उत्तम ओळख आहे, परंतु तें नांव मी थोडें राखून ठेवतों.

येथवरही शिडीच आहे. इशिनोमोरी वर चढला, आकात्सुका चढला. १९५७ सालीं शिबानो ताकुमी यांनीं विज्ञानकथांसाठीं 'उचूजिन्' काढलें व त्यांतून होशी शिन्इची वर आले. १९६७ सालीं खुद्द तेझुकांनीं 'कॉम' हें प्रायोगिक चित्रकथांचें मासिक काढलें आणि त्यांत 'ग्राकोन्' या नांवाखालीं देशांतल्या विखुरलेल्या हौशी मंडळांना परस्परांशीं जोडणारें सदर ठेवलें. प्रत्येक प्रांतांत शाखा झाल्या, पत्ते मिळाले, गांठीभेटी सुरू झाल्या. १९७१ अखेर 'कॉम' थांबलें, आणि जी मंडळें एका मासिकाच्या दोऱ्यांत ओंवलीं गेलीं होतीं तीं एकाएकीं मोकळीं झालीं. याच सुमारास मुंबईसारख्या शहरांत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर प्रभृतींच्या 'शब्द'च्या मागून निघालेल्या चक्रमुद्रित अनियतकालिकांची चलती होती. पण त्यांचा झगडा प्रस्थापित वाङ्मयाशीं होता. जपानांतल्या मुलांना प्रस्थापितांशीं झगडावयाचें नव्हतें. त्यांना आपल्याला आवडलेल्या गोष्टीविषयीं मनसोक्त बोलावयास एक जागा हवी होती.

ती जागा मिळाली ती एका भांडणांतून. १९७२ पासून तोक्योंत चित्रकथांच्या चाहत्यांचें एक वार्षिक संमेलन भरत असे. १९७५ सालीं एका तरुणीनें संमेलनाच्या चालकांवर टीका केली, म्हणून तिला प्रवेशच नाकारण्यांत आला. 'मेइक्यू' म्हणजे 'चक्रव्यूह' या नांवाचें टीकाकारांचें एक लहान मंडळ तिच्या बाजूनें उभें राहिलें. हारादा तेरुओ, आनिवा जुन् व योनेझावा योशिहिरो हे त्याचे प्रमुख. योनेझावा त्या वेळीं बावीस वर्षांचा विद्यार्थी होता. निषेधाचीं पत्रकें काढून हीं मंडळी थांबलीं असतीं तर आज त्यांचें नांवही कोणास ठाऊक नसतें. परंतु त्यांनीं आपलेंच संमेलन भरविण्याचें ठरविलें. त्याचा नियम एकच : ज्याच्यापाशीं स्वतः काढलेली पुस्तिका आहे त्याला टेबल मिळेल, आणि ज्याला ती पाहावयाची आहे त्याला दार उघडें असेल, कोणाचीही पात्रता तपासली जाणार नाहीं.

२१ डिसेंबर १९७५ रोजीं तोरानोमोन् भागांतील अग्निशामक दलाच्या संस्थेच्या इमारतींत हें संमेलन भरलें. नांव ठेवलें 'कॉमिक मार्केट'. लोकांनीं त्याचें 'कॉमिकेट' केलें. ३२ मंडळें व सुमारें सातशें माणसें आलीं. हीं माणसें कोण होतीं? दाढी वाढविलेले टीकाकार चार-दोन; बाकीच्या जवळजवळ साऱ्या शाळांत शिकणाऱ्या मुली! चालकांना याचें आश्चर्य वाटलें असेल, पण वाटावयास नको होतें. हागिओ मोतो, ताकेमिया केइको अशा तरुण स्त्री-चित्रकारांनीं मुलींच्या मासिकांतील चित्रकथेला त्या चार-पांच वर्षांत एकदम प्रौढ केलें होतें, आणि त्यांच्या वाचकमुलींनीं गांवोगांव मंडळें काढून पत्रकें छापावयास सुरुवात केली होती. त्यांच्या आवडीची दखल वर्तमानपत्रें घेत नव्हतीं, शिक्षक घेत नव्हते. घरांतून तर विचारावयासच नको. त्यांना एक दिवसाचें दालन मिळालें, आणि त्या आल्या.

येथें मला या इतिहासांतला खरा पालट दिसतो. या मुलींपैकीं फारच थोड्यांना वर चढावयाचें होतें. आपण काढलेली पुस्तिका आपल्यासारखीच दुसरी मुलगी टेबलापुढें उभी राहून उघडते, हंसते, शंभर-दोनशें येन देऊन ती घेऊन जाते, आणि पुढच्या खेपेस स्वतःची पुस्तिका घेऊन येते, एवढ्यावर त्यांची तृप्ति होती. शिडीचा येथें ओटा झाला. ओट्यावर माणसें बसतात, गप्पा मारतात. तेथून कोठें जावयाचें असतेंच असें नाहीं.

ओट्यावरच्या गप्पांना स्वतःची भाषा येते. १९७९ सालीं साकाता यासुको व हात्सु आकिको यांच्या मंडळानें एक अंक काढून आपल्याच प्रकारच्या कथांना थट्टेनें 'याओइ' असें नांव दिलें. 'कळस नाहीं, शेवट नाहीं, अर्थ नाहीं' या तीन जपानी शब्दसमूहांचीं तीं आद्याक्षरें. टीकाकारांनीं जें म्हणावयाचें तें स्वतःच आधीं म्हणून टाकण्याची ही युक्ति मला फार आवडते. पुढें हा शब्द स्त्रियांनीं लिहिलेल्या व पुरुषापुरुषांतील प्रेम हा विषय असलेल्या कथांचें नांव होऊन बसला. १९८०-९० च्या दशकाच्या मध्यावर 'कॅप्टन त्सुबासा' या फूटबॉलवरील मुलांच्या चित्रकथेंतलीं पात्रें घेऊन मुलींनीं काढलेल्या अशा पुस्तिकांचा पूर आला. ज्या कथेंत मुलींना प्रेक्षकांच्या बाकावर बसून टाळ्या वाजवण्यापलीकडे काम नव्हतें, ती कथाच त्यांनीं ताब्यांत घेतली. कित्येकांस हें चमत्कारिक वाटलें, आजही वाटतें. मला इतकेंच दिसतें कीं ज्यांच्यासाठीं इतरांनीं ठरीव साच्याच्या कथा रचल्या, त्यांनीं ते सांचे नाकारून आपल्याला हव्या त्या कथा स्वतः रचल्या.

यंत्राचा वांटाही सांगितला पाहिजे. मेण लावलेल्या कागदावर लोखंडी टोंकानें लिहून शाईचा रूळ फिरवावयाची मुद्रणपद्धति जपानांत १८९४ सालापासून चालत आली होती, व शाळाशाळांतून तिचा सुळसुळाट होता. परंतु तीवर बारीक रेघांचें चित्र चांगलें उठत नसे. ऑफसेट छपाई स्वस्त झाली, लहान छापखान्यांनीं विद्यार्थ्यांचीं शेंदोनशें प्रतींचीं कामें घेण्यास सुरुवात केली, कांहींनीं तर तोच धंदा केला. ज्यांना तेंही परवडत नसे अथवा ज्यांचें काम वेळेवर पुरें होत नसे, ते आदल्या रात्रीं झेरॉक्स यंत्रापाशीं उभे राहून पानें काढीत, घडी घालीत व टांचणी मारीत. अशा पुस्तिकेला 'कॉपीबोन्' हें स्वतंत्र नांवच आहे. आळस हा सर्व देशांतील संपादकांचा समान धर्म दिसतो.

बाजार वाढला तसा तो एका इमारतींतून दुसऱ्या मोठ्या इमारतींत जाऊं लागला. बंदरालगतच्या हारुमी येथील प्रदर्शनगृह झालें, १९८९ पासून चिबा प्रांतांतील माकुहारीचें विस्तीर्ण दालन झालें. येणाऱ्यांची संख्या दोन लाखांच्या पुढें गेली. आणि त्याच वर्षीं संकट आलें. चार लहान मुलींच्या हत्येबद्दल एका तरुणाला १९८९ च्या उन्हाळ्यांत अटक झाली. त्याच्या खोलींत हजारों चित्रफिती व चित्रकथांचे ढीग सांपडले, आणि त्याचा या बाजाराशीं संबंध आलेला होता असेंही निघालें. वर्तमानपत्रांना कारण सांपडलें. 'ओताकु' हा शब्द, जो तोंवर छंदिष्टांच्या थट्टेचा होता, तो रातोरात शिवी झाला. चित्रकथा वाचणाऱ्या मुलामुलींकडे शेजारी संशयानें पाहूं लागले. १९९१ सालीं अश्लील चित्रें असलेल्या दोजिन्शींवरून पोलिसांनीं कांहीं दुकानदारांवर कारवाई केली, आणि माकुहारीच्या चालकांनीं ऐन वेळीं जागा देण्याचें नाकारलें. बाजार परत हारुमीस गेला.

ज्या संमेलनाचा जन्मच 'कोणासही नाकारणार नाहीं' या प्रतिज्ञेंतून झाला, त्याच्यापुढें आतां बिकट प्रश्न आला. नाकारावें तर प्रतिज्ञा जाते, न नाकारावें तर संमेलनच जातें. १९८० पासून योनेझावा हे समितीचे प्रमुख होते. त्यांनीं मधला मार्ग काढला. विक्रीपूर्वीं प्रत्येक पुस्तिकेची एक प्रत समितीकडे द्यावयाची, ती कायद्याच्या मर्यादेंत आहे एवढेंच पाहावयाचें. चांगली कीं वाईट, सुरुचीची कीं कुरुचीची, हें पाहावयाचें नाहीं. ही तडजोड होती यांत शंका नाहीं, आणि ती कांहींना कडू लागली. मला मात्र असें वाटतें कीं गुणदोषांचा निवाडा न करण्याचा जो हट्ट त्यांनीं सांभाळला तोच या संस्थेचा प्राण ठरला. रुचीचा चाळणा एकदां हातीं घेतला असता तर तो थांबला नसता, आणि १९७५ सालीं ज्या तरुणीला दार लावलें गेलें तिच्यासारख्या दुसऱ्या कोणाला तरी तें पुन्हां लावलें गेलें असतें.

आतां श्रोत्यांच्या मनांत एव्हांना आलेल्या शंकेकडे वळतों. दुसऱ्याचीं पात्रें घेऊन पुस्तिका काढणें व विकणें ही चोरी नव्हे काय? आमच्या मोरोपंतांनीं अष्टोत्तरशत रामायणें रचलीं, तेव्हां त्यांना कोणाची परवानगी लागली नाहीं. परंतु वाल्मीकींचा चरितार्थ कांहीं ग्रंथविक्रीवर चालत नव्हता. जपानचा कायदा या प्रश्नावर स्पष्ट आहे : मूळ चित्रकाराच्या संमतीवांचून त्याचें चित्र वापरणें हा हक्कभंग होऊं शकतो. मात्र तेथें असा खटला मूळ मालकानें तक्रार केल्यावांचून उभाच राहत नसे. आणि मालक बहुधा तक्रार करीत नसत. याचीं कारणें सरळ आहेत. हे चाहते म्हणजेच त्यांचे सर्वांत निष्ठावान् ग्राहक. आणि त्यांच्या संपादकांना नवे चित्रकार याच टेबलांमागें सांपडत. 'क्लॅम्प' हें स्त्री-चित्रकारांचें विख्यात मंडळ, 'ओओकु'च्या कर्त्या योशिनागा फुमी, हीं नांवें येथूनच वर गेलीं. तेव्हां मालकानें डोळे मिटावयाचे, चाहत्यानें फार गाजावाजा करावयाचा नाहीं, असा एक अलिखित करार होऊन बसला. परंतु अलिखित कराराला कोर्टांत किंमत नसते.

तो दोनदां मोडला. १९९९ च्या जानेवारींत फुकुओका येथील एका तरुणीला 'पोकेमॉन'च्या पात्रांवर अश्लील पुस्तिका काढून विकल्याबद्दल क्योतोच्या पोलिसांनीं निंतेंदो कंपनीच्या तक्रारीवरून अटक केली. तिला एक लाख येन दंड झाला. दंडाहून अटकेची भीति मोठी होती. कित्येक मंडळांनीं आपल्या पुस्तिका मागें घेतल्या.

दुसरा प्रसंग मला अधिक हृदयस्पर्शी वाटतो. तोकिवासोंतील त्या जोडीपैकीं ज्याचें नांव मीं राखून ठेवलें होतें ते म्हणजे 'डोरेमॉन'चे जनक फुजिको एफ. फुजिओ. ते १९९६ सालीं वारले, आणि त्यांच्या कथेला शेवट राहून गेला. निळ्या यंत्रमांजराचें व आळशी नोबिताचें पुढें काय झालें? लोकांत एक कल्पित शेवट तोंडोतोंडीं फिरूं लागला : डोरेमॉनची विजेची शक्ति एके दिवशीं संपते, ती बदलली तर त्याची स्मृति पुसली जाईल असें कळतें, आणि ढ म्हणून हिणविलेला नोबिता आपल्या मित्राला पुन्हां जागें करण्यासाठीं वर्षानुवर्षें अभ्यास करून मोठा शास्त्रज्ञ होतो. २००५ सालीं एका हौशी चित्रकारानें या शेवटाची लहानशी दोजिन्शी काढली. ती इतक्या हुबेहूब शैलींत होती कीं पुष्कळांना ती मूळ लेखकाचीच वाटली, आणि तिच्या दहा हजारांहून अधिक प्रती खपल्या. येथेंच करार मोडला. कारण ही आतां ओट्यावरची गप्प राहिली नव्हती, तिला पुस्तकाची कळा आली होती. प्रकाशकांनीं हरकत घेतली. २००७ सालीं त्या चित्रकारानें क्षमा मागितली, उरलेल्या प्रती नष्ट केल्या व मिळकतीचा कांहीं भाग हक्कदारांस दिला. कायद्यानें जें झालें तें योग्यच झालें असें मी म्हणेन. तरीही ज्या माणसानें बालपणीं एकेक प्रतीचें मासिक हातानें काढलें होतें, त्यानें ही पुस्तिका पाहिली असती तर तो काय म्हणाला असता, हा विचार मनांतून जात नाहीं.

पुढें पॅसिफिक महासागरालगतच्या राष्ट्रांच्या व्यापारी कराराच्या निमित्तानें मालकाच्या तक्रारीवांचूनही खटला भरण्याची तरतूद होणार अशी वार्ता आली, तेव्हां या जगांत मोठी खळबळ उडाली. २०१३ सालीं चित्रकार आकामात्सु केन् यांनीं मूळ लेखकाला चाहत्यांच्या पुस्तिकांस आगाऊ संमति देतां यावी म्हणून एक चिन्ह सुचविलें व स्वतः वापरलें. कायदा ३० डिसेंबर २०१८ रोजीं अमलांत आला; परंतु तक्रारीवांचून खटला चालावयाचा तो मूळ कृतीच्या तंतोतंत नकला करून मालकाचा धंदा बुडविणाऱ्यांवर, चाहत्यांच्या नव्या कथांवर नव्हे, असें बंधन त्यांत घालून घेण्यांत आलें. शेंदोनशें प्रतींच्या पुस्तिका काढणाऱ्यांची राष्ट्रांमधील तहनाम्याच्या अंमलबजावणींत अशी दखल घेतली गेल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

१९९६ पासून हा बाजार समुद्र भरून काढलेल्या आरिआके येथील 'बिग साइट' या इमारतींत, सामान्यतः ऑगस्टांत व डिसेंबरअखेर, असा वर्षांतून दोनदां भरतो. मंडळांचे अर्ज जागेपेक्षां अधिक येतात, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. आणि ज्याचें नशीब उघडतें त्याला मिळतें काय, तर नव्वद सेंटिमीटर लांब व पंचेचाळीस रुंद अशी टेबलाची अर्धी बाजू! शेजारच्या अर्ध्या बाजूवर दुसरें मंडळ. बहुसंख्य मंडळांचा जमाखर्च तुटींतच राहतो, पुष्कळांच्या शंभर प्रतीही खपत नाहींत. तरी पहांटेपासून बाहेर रांगा लागलेल्या असतात, सुट्टीं नाणीं घरून मोजून आणलेलीं असतात. व्यवस्था पाहणारे हजारों कार्यकर्ते बिनपगारी. येथें 'गिऱ्हाईक' हा शब्द वापरावयाचा नाहीं असा दंडक आहे. विकणारा, घेणारा व रांग लावणारा, सर्व 'सहभागी'. दिवस संपल्याची घोषणा झाली कीं सर्व दालनांतून लोक आपापल्या जागीं उभे राहून टाळ्या वाजवितात. टाळ्या कोणासाठीं, असें विचारण्याचें कारण नाहीं, कारण व्यासपीठ कोठेंच नसतें.

२०२० च्या साथींत हीं दालनें रिकामीं राहिलीं. १९७५ पासूनच्या क्रमांत इतका मोठा खंड पूर्वीं पडला नव्हता. ३० व ३१ डिसेंबर २०२१ रोजीं बाजार पुन्हां भरला, तेव्हां दिवसाला ५५ हजारांचीच मर्यादा घातलेली होती.

योनेझावा हे पुनरारंभ पाहावयास नव्हते. ते १ ऑक्टोबर २००६ रोजीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं वारले. त्यांनीं आयुष्यभर जमविलेल्या चित्रकथा, मासिकें व दोजिन्शी यांचा प्रचंड संग्रह मेइजी विद्यापीठाकडे गेला, आणि २००९ च्या ऑक्टोबरअखेर तोक्योंत त्यांच्या नांवाचें ग्रंथालय उघडलें. बाजारांत तपासणीसाठीं दिलेल्या ज्या प्रती, त्यांतल्याही कांहीं तेथें ठेवण्यांत येतात. कायद्याच्या भीतीनें सुरू झालेल्या त्या तपासणीचा हा उपयोग होईल असें १९९१ सालीं कोणाच्या मनांत आलें असेल काय? कोणा मुलीनें आदल्या रात्रीं झेरॉक्स करून टांचणी मारलेली, चाळीस प्रतींची पुस्तिका, जिच्या बाकीच्या प्रती तिच्या मैत्रिणींनींही केव्हांच हरविल्या असतील, ती तेथें चिठ्ठी भरून मागतां येते, आणि ग्रंथपाल ती आणून टेबलावर ठेवतो.